आधी स्टेशन, मग घर

रविवारी सकाळी अकरा वाजता बिल्डरची एसी गाडी स्टेशनच्या पूर्वेला येऊन उभी राहते. नवरा-बायको, कडेवर लहान मूल, कधी सोबत सासरे. सगळे गाडीत बसतात. रस्ता मोकळा असतो. "साहेब, घड्याळ लावून बघा, सात मिनिटांत पोचलो की नाही?" पुढच्या सीटवरचा तरुण सेल्समन मागे वळून विचारतो, आणि ते खरंही असतं. सॅम्पल फ्लॅट आवडतो, बाल्कनीतून डोंगर दिसतो, टोकनचा चेक लिहिला जातो. पुढे कधीतरी ताबा मिळतो. मग एका सोमवारी सकाळी आठ वाजता हीच माणसं त्याच रस्त्यावर शेअर रिक्षाच्या रांगेत उभी असतात. पुढे १८ माणसं, एका रिक्षात तिघं, आणि नाक्यावर शाळेच्या बस, टँकर, दुचाक्या यांची कोंडी. सात मिनिटांच्या रस्त्याला आज ३५ मिनिटं लागतात. उद्याही तितकीच लागणार असतात.

मुंबई महानगरात घर शोधणाऱ्यांची सर्वात महागडी चूक हीच. खोल्या बघितल्या जातात, टाइल्स बघितल्या जातात, चौरस फुटाच्या भावावर घासाघीस होते. ज्या वाटेने रोज दोनदा जायचं आहे, ती वाट मात्र सुटीच्या दिवशी, दुसऱ्याच्या गाडीतून, काचा वर करून बघितली जाते. या प्रकरणात घराच्या आतल्या भागाबद्दल फारसं काही नाही. ज्या वस्तीत राहायचं ती खिशाला परवडते का, तिथून कामावर वेळेत पोचता येतं का, आणि दूध, भाजी, शाळा, दवाखाना हे सगळं हाताशी आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरं एकत्र कशी शोधायची, एवढाच त्याचा विषय. उदाहरणं मुख्यतः मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची आहेत, कारण हे प्रश्न तिथे सर्वात जास्त टोचतात. थोडी पुण्याचीही आहेत.

स्वस्ताई दोन प्रकारची

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी धावली. अंतर ३४ किलोमीटर. तेव्हापासून हे महानगर रुळांच्या कडेकडेने उत्तरेला आणि पूर्वेला सरकत गेलं. आज लोकलच्या दिवसाला ३,००० हून जास्त फेऱ्या होतात आणि साधारण ७५ लाख प्रवासी त्यांतून ये-जा करतात. सीएसएमटीपासून डोंबिवली ४८ किलोमीटरवर आहे, कल्याण ५४ आणि बदलापूर ६८. चर्चगेटपासून बोरिवली ३४ आणि विरार ६०. हार्बर मार्गाने पनवेल ४९. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतल्या असंख्य कुटुंबांनी दहा बाय बाराची खोली सोडली आणि डोंबिवली, बोरिवली, ठाण्यात वन रूम किचन घेतलं, ते या रुळांच्या भरवशावर. १९८२ च्या गिरणी संपानंतर तर ज्यांना जायचं नव्हतं त्यांनाही जावं लागलं.

घरांचे भावही रुळांच्या हिशेबाने चालतात. दक्षिण मुंबईपासून जसजसं लांब जावं तसतसा भाव उतरतो. आणि कुठल्याही एका स्टेशनपासून आत, खाडीकडे किंवा डोंगराकडे जावं तसाही तो उतरतो. म्हणजे बजेट कमी पडलं की माणसापुढे दोन वाटा असतात. एक तर दोन-तीन स्टेशनं पुढे जायचं आणि तिथे स्टेशनजवळ राहायचं. नाहीतर त्याच स्टेशनला धरून राहायचं, पण चार किलोमीटर आत जायचं. कागदावर दोन्ही घरांचं भाडं सारखं दिसतं. रोजच्या जगण्यात मात्र त्यांच्यात मोठं अंतर पडतं. दोन स्टेशनं पुढे गेल्याने गाडीतली दहाएक मिनिटं वाढतात आणि पासाच्या किमतीत किरकोळ भर पडते. चार किलोमीटर आत गेल्याने रांग, रिक्षा, कोंडी आणि पावसाळा असं सगळं रोज दोनदा वाट्याला येतं. त्यातल्या कशाचीच वेळ आधी सांगता येत नाही.

म्हणून पहिला निर्णय स्टेशनचा करावा, दुसरा स्टेशनपासून चालत किती लांब राहायचं याचा. इमारतीचा नंबर त्यानंतर.

भाड्यात न दिसणारा खर्च

शिकागोतल्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेने घर परवडतं की नाही हे मोजण्याची एक पद्धत रूढ केली. अमेरिकेत घरखर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत बसला की घर परवडतं असं मानण्याची जुनी रीत होती. या संस्थेने घरखर्चात प्रवासखर्च मिळवला आणि दोन्हींची बेरीज उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांत बसावी असं सांगितलं. तसं मोजल्यावर शहराबाहेरच्या अनेक स्वस्त वस्त्या महाग ठरल्या, कारण तिथल्या प्रत्येक कुटुंबाला दोन-दोन गाड्या पोसाव्या लागत होत्या. आपल्याकडे टक्के वेगळे असतील, पण बेरीज करण्याची रीत जशीच्या तशी लागू पडते.

एक हिशेब मांडून बघू. समजा, एका जोडप्यासमोर दोन घरं आहेत. पहिलं स्टेशनपासून दहा मिनिटं चालत, भाडं २८,०००. दुसरं त्याच स्टेशनपासून चार किलोमीटर आत, भाडं २०,०००. महिन्याला ८,००० वाचतात असं वाटतं. आता दुसऱ्या घराचा खर्च लिहायला घेऊ. शेअर रिक्षाचे माणशी २५ रुपये धरले तर दोघांचे जाऊन-येऊन दिवसाला १०० होतात, म्हणजे २५ दिवसांचे २,५००. मुलाची शाळा चालत जाण्याजोगी नाही, म्हणून स्कूल बसचे १,८००. उशीर झाला की रात्री शेअर रिक्षा मिळत नाही, मीटरने यावं लागतं; त्याचे महिन्याला ७००. सोसायटीच्या टँकरचा वाटा ६००. एकूण ५,६००. वाचलेल्या ८,००० तले हातात राहिले २,४००.

वेळ अजून मोजलेला नाही. दुसऱ्या घरामुळे प्रत्येकाची एका वेळची २५ मिनिटं जादा जातात असं धरलं, तर दिवसाला माणशी ५० मिनिटं आणि महिन्याला माणशी सुमारे २१ तास होतात. दोघांचे मिळून ४२ तास, म्हणजे एका माणसाच्या कामाच्या जवळजवळ पूर्ण आठवड्याइतके. २,४०० रुपयांना ४२ तास विकले तर तासाचे ५७ रुपये पडतात. इतक्या कमी दराने आपला वेळ द्यायला कुणी सहसा राजी होत नाही.

हाच हिशेब उलटाही पडू शकतो. नवरा-बायकोपैकी एक घरून काम करत असेल, दुसऱ्याची नोकरी त्याच गावातल्या शाळेत किंवा एमआयडीसीत असेल, तर चार किलोमीटर आतलं घर खरोखर स्वस्त ठरतं. आकडे प्रत्येक कुटुंबाने आपापले घालावेत. वहीच्या एका पानावर अर्ध्या तासात हे काम होतं.

दहा मिनिटांची वाट

माणूस साधारण चालीने मिनिटाला ८० मीटर जातो. दहा मिनिटांत ८०० मीटर. केंद्र सरकारच्या २०१७ च्या राष्ट्रीय धोरणातही मेट्रो-रेल्वे स्थानकाचा प्रभाव ५०० ते ८०० मीटरच्या वर्तुळात धरला आहे, तो याच हिशेबाने. यापेक्षा लांब राहणारा माणूस स्टेशनला चालत जाणं हळूहळू सोडतो.

पण वर्तुळ नकाशावर असतं आणि माणूस रस्त्याने चालतो. जाहिरातीत "स्टेशनपासून ५०० मीटर" असं लिहिलेली इमारत रुळांच्या पलीकडे असते, आणि मग पूल चढून-उतरून, नाल्याला वळसा घालून ते १,२०० मीटर होतं. म्हणून ही वाट स्वतः चालून बघण्याला पर्याय नाही. एकदा सकाळी आठला, एकदा रात्री साडेनऊला. सकाळी पुलावरची गर्दी कळते, रात्री दिवे कळतात. पुलाखाली अंधार आहे का? दुकानं किती वाजेपर्यंत उघडी असतात? रस्त्याला फुटपाथ आहे की गाड्या उभ्या करून तो गिळलेला आहे? घरातली मुलगी क्लासहून रात्री नऊला एकटी येऊ शकेल का? कामावरून परतणाऱ्या बायका ज्या गल्लीतून बिनधास्त चालत जातात, ती गल्ली घर घ्यायला चांगली. वाटेवर इस्त्रीवाला, मेडिकल, भाजीवाली मावशी, वडापावची गाडी असली की ती वाट रात्री उशिरापर्यंत जागी राहते, सुरक्षितही राहते.

चालत जाण्याजोगं घर बजेटमध्ये बसतच नसेल, तर दुसरा पर्याय बसचा. ठाण्यात टीएमटी, नवी मुंबईत एनएमएमटी, कल्याण-डोंबिवलीत केडीएमटी, वसई-विरारला परिवहन सेवा, मुंबईत बेस्ट. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ वरून १० रुपये झालं, तरीही फेब्रुवारी २०२५ पासूनच्या २६ रुपयांच्या किमान रिक्षाभाड्यापुढे ते कमीच आहे. प्रश्न भाड्याचा नसतो, बस किती वेळाने येते याचा असतो. स्टॉपवर अर्धा तास उभं राहून किती बस आल्या ते मोजलं की वेळापत्रक विचारायची गरज उरत नाही.

गाडी कुठून सुटते

लोकलने जाणाऱ्याला आणखी एक गोष्ट कळते, ती बाहेरच्याच्या पटकन लक्षात येत नाही. स्टेशन असणं वेगळं आणि त्या स्टेशनवर गाडीत चढता येणं वेगळं.

डोंबिवलीला जलद गाड्या थांबतात, शिवाय डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या लोकलही आहेत. शेजारच्या ठाकुर्ली आणि कोपरला फक्त धीम्या. ठाणे, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा, बोरिवली, विरार, पनवेल इथून गाड्या सुटतात, म्हणून तिथे राहणाऱ्याला रिकाम्या गाडीत बसायची संधी असते. पश्चिम रेल्वेवर वसई-नालासोपाऱ्याची माणसं आधी उलटी विरारला जातात, त्याच गाडीत बसून राहतात आणि सीट धरून परत येतात. रोजच्या भाषेत याला 'डाऊन करणं' किंवा 'रिटर्न मारणं' म्हणतात. काही जण त्यासाठी पासही विरारपर्यंतचा काढतात. तासाभराच्या प्रवासात बसायला मिळावं म्हणून माणूस वीस मिनिटं आणि जादा पैसे आनंदाने देतो. बसायला मिळण्याची किंमत प्रवाशांनी अशी स्वतःच ठरवून टाकली आहे.

उलट बाजूला कळवा, मुंब्रा, दिवा ही स्टेशनं ठाण्यापासून जवळ आहेत, तिथली घरं त्या मानाने स्वस्त आहेत, पण कल्याणकडून येणारी गाडी तिथे पोचेपर्यंत गच्च भरलेली असते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दरवाजात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. दरवाजात लटकण्यावाचून गत्यंतर नसेल अशा स्टेशनवर घर घेण्यापूर्वी हे आठवावं. नकाशावर दहा किलोमीटर पुढे असलेलं, पण गाडी सुटणारं स्टेशन रोजच्या प्रवासाला अधिक चांगलं ठरू शकतं.

घरात दोघं नोकरी करत असतील तर जंक्शनचा विचार करावा. ठाण्याला मध्य रेल्वे आणि ट्रान्स-हार्बर मार्ग एकत्र येतात; २००४ मध्ये ट्रान्स-हार्बर सुरू झाल्यापासून ऐरोली, रबाळे, घणसोलीतल्या कार्यालयांत जाणाऱ्याला कुर्ल्याचा वळसा घालावा लागत नाही. घाटकोपरला मध्य रेल्वे आणि मेट्रो, अंधेरीला पश्चिम रेल्वे, हार्बर आणि मेट्रो भेटतात. जंक्शनवरची घरं अर्थातच महाग. पण जंक्शनच्या पुढचं एखादं स्टेशन बऱ्याचदा परवडतं. ठाण्याऐवजी ऐरोली किंवा जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेलं दिघा गाव, अशी अदलाबदल करून बघावी. एकाला परळला आणि दुसऱ्याला महापेला जायचं असेल, तर दोघांच्या मधलं स्टेशन शोधावं. एकाची पंधरा मिनिटं वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या गळ्यात दीड तास घालणारं घर कुटुंबाला परवडत नाही.

होणार असलेली मेट्रो

"समोरूनच मेट्रो जाणार आहे" हे वाक्य घर विकताना जितक्या वेळा बोललं जातं, तितकं दुसरं कुठलंच बोललं जात नसेल. मेट्रो खरोखर वस्तीचं नशीब बदलते, यात शंका नाही. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा ते घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मुंबईतली पहिली मेट्रो सुरू झाली. अंधेरी-कुर्ला रोडवर बसमध्ये तासाहून जास्त वेळ घालवणारी माणसं वीस-बावीस मिनिटांत या टोकाहून त्या टोकाला जाऊ लागली. असल्फा, साकीनाका, मरोळसारख्या कामगार वस्त्यांना अचानक दोन्ही रेल्वेमार्ग जवळ आले. पुढे २०२२-२३ मध्ये दहिसरहून अंधेरीकडे येणाऱ्या दोन मेट्रो आल्या, आणि आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या वर्षभरात तीन टप्प्यांत सुरू झाली.

आता वाट बघणाऱ्यांचा हिशेब. पहिल्या मेट्रोचं भूमिपूजन २००६ मध्ये झालं होतं, म्हणजे आठ वर्षं. नवी मुंबई मेट्रोच्या कामाचा नारळ २०११ मध्ये फुटला आणि बेलापूर-पेंधर गाडी नोव्हेंबर २०२३ मध्ये धावली. बारा वर्षं! ज्यांनी २०११ मध्ये "दोन-तीन वर्षांत मेट्रो" ऐकून खारघर-तळोजात घर घेतलं, त्यांची पहिलीतली मुलं मेट्रो येईपर्यंत कॉलेजात गेली. नेरूळ-उरण रेल्वे नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आली आणि उरणला पोचायला जानेवारी २०२४ उजाडला. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो आणि पुण्याची हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो या दोन्हींची पायाभरणी १८ डिसेंबर २०१८ या एकाच दिवशी झाली. २०२५ संपलं तेव्हा दोन्हींवर एकही प्रवासी चढलेला नव्हता.

यातून निघणारा नियम सरळ आहे. आज धावणाऱ्या गाडीसाठी पैसे मोजावेत. उद्याच्या गाडीचे पैसे भावात मिळवलेले असतील, तर ते नाकारून घासाघीस करावी. भाड्याने राहणाऱ्याला तर ही चिंताच नाही. मेट्रो सुरू झाल्यावर तो तिथे राहायला जाऊ शकतो.

पुण्यात ६ मार्च २०२२ रोजी मेट्रोचे पहिले टप्पे सुरू झाले. आज वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट हे दोन मार्ग सिव्हिल कोर्टाला एकमेकांना छेदतात. यामुळे बोपोडी, दापोडी, कासारवाडी यांसारख्या, जिथे आजवर फारसं कुणी मुद्दाम घर शोधायला जात नसे अशा जुन्या वस्त्या शहराच्या मध्यापासून काही मिनिटांवर आल्या. तिथे बांधकाम जुनं असेल, पण स्टेशन आज चालू आहे. पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावरही चिंचवड, आकुर्डी, तळेगाव इथे परवडणारी घरं मिळतात. फक्त मुंबईसारखी दर तीन-चार मिनिटांनी गाडी तिथे नाही. आपल्या कामाच्या वेळेला जाणारी आणि परत आणणारी गाडी आहे का, हे वेळापत्रकात बोट ठेवून बघावं लागतं.

पाणी किती वाजता येतं?

सोयी म्हटल्या की माहितीपत्रकात स्विमिंग पूल आणि क्लब हाऊस येतं. रोज लागणाऱ्या सोयींची यादी वेगळी आहे, आणि तिच्यात पहिलं नाव पाण्याचं.

मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी अशा सात तलावांचं पाणी मिळतं. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे. पण खाडीपलीकडचा उलवे, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या हेटवणे योजनेवर अवलंबून आहे, आणि ठाण्यात घोडबंदर रोडच्या टोलेजंग इमारतींच्या फाटकातून टँकर आत जाताना कुणालाही दिसतात. शहर तेच, धरण वेगळं. त्यामुळे एजंटला पाण्याबद्दल विचारण्यापेक्षा जिन्यात भेटलेल्या काकूंना विचारावं.

"काकू, पाणी कसं आहे इथे?"

"सकाळी साडेपाचला येतं, तासभर. एप्रिलपर्यंत ठीक. मे महिन्यात टँकर लागतो, तेव्हा मेंटेनन्स वाढतो."

तीन वाक्यांत जे कळलं ते कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. त्याच काकू लिफ्ट कधी बंद पडते, जवळचा चांगला डॉक्टर कोण आणि कोणत्या शाळेत मुलं घालतात, हेही सांगतील.

पाणी कमी पडण्याइतकंच जास्त होण्याचंही भय असतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. पुण्यात २५ जुलै २०२४ रोजी मुठेचं पाणी सिंहगड रोडच्या एकतानगरीत घुसलं. नदीकाठच्या जमिनींवर पाटबंधारे खात्याने पूररेषा आखलेल्या असतात: साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. घर या रेषांच्या आत आहे का, हे महापालिकेच्या विकास आराखड्यात बघता येतं. आणि तळमजल्याच्या भिंतीवर पाण्याचा जुना डाग शोधायला तर आराखडाही लागत नाही.

डोंबिवलीसारख्या गावात आणखी एक अंतर मोजावं लागतं, ते कारखान्यांपासूनचं. तिथल्या औद्योगिक पट्ट्यात २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी मोठे स्फोट झाले, माणसं दगावली आणि लांबच्या इमारतींच्याही काचा फुटल्या.

मग उरलेली यादी: पंधरा मिनिटांच्या चालीत भाजीबाजार, किराणा, प्राथमिक शाळा, मेडिकल, रात्री डॉक्टर असणारं रुग्णालय, मुलांना खेळायला मैदान. सिडकोने १९७० पासून नवी मुंबई वसवताना सेक्टर आखले आणि शाळा, बाजार, उद्यान यांची जागा आधीच राखून ठेवली, म्हणून वाशी, नेरूळसारख्या जुन्या नोडमध्ये ही यादी लवकर पुरी होते. जुन्या गावांकडे मात्र एक वेगळी श्रीमंती आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये सुरू केली आणि ती गावोगाव पसरली. संध्याकाळी नाटक, व्याख्यान, ग्रंथालय चालत जाण्याइतकं जवळ असणं, हीसुद्धा मोजण्यासारखी सोय आहे. म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी तर ती सर्वात मोठी.

इतकं स्वस्त का?

शेजारच्या इमारतीपेक्षा एखादं घर फारच स्वस्त मिळत असेल, तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. नालासोपारा पूर्वेला ४१ इमारती अशाच स्वस्त होत्या. ज्या जमिनीवर त्या उभ्या होत्या, ती विकास आराखड्यात कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव होती. २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडण्यात आल्या आणि हजारो माणसं रस्त्यावर आली. त्यांतल्या बहुतेकांनी घामाचे पैसे मोजून घर घेतलं होतं. कल्याण-डोंबिवलीत तर ६५ इमारतींच्या बिल्डरांनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेरा या गृहप्रकल्पांच्या नियामकाची नोंदणीही मिळवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले.

म्हणून जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून महारेराचा क्रमांक तपासणं ही सुरुवात आहे. त्यानंतर तीच बांधकाम परवानगी महापालिकेच्या संकेतस्थळावर किंवा नगररचना कार्यालयात खरी आहे का, हे पडताळावं. जमीन कोणत्या आरक्षणात आहे ते विकास आराखड्यात बघावं. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते मागावं. आणि क्षेत्रफळ विचारताना कार्पेटच विचारावं. रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या ठरवून दिली आहे. सुपर बिल्टअपच्या आकड्यात जिना आणि लॉबीही मोजलेली असते. वकिलाला कागद दाखवण्याची फी घराच्या किमतीपुढे नगण्य असते. तिथे काटकसर करू नये.

भाडेकरूचं काम त्या मानाने सोपं. नवी मुंबईत घणसोली, कोपरखैरणे, तळवलीच्या गावठाणांतली घरं सेक्टरमधल्या घरांपेक्षा बरीच स्वस्त असतात, आणि स्टेशन, बाजार, शाळा तीच मिळते. त्यांतल्या अनेक इमारतींच्या परवानग्यांचा घोळ असतो, म्हणून विकत घेणाऱ्याने लांब राहावं. भाड्याने राहणाऱ्याने इमारतीचे खांब आणि जिन्याची रुंदी नीट बघून विचार करायला हरकत नाही.

अकरा महिने राहून बघा

हे सगळं एका भेटीत कळत नाही. वस्ती कळायला एक पावसाळा आणि एक मे महिना लागतो. म्हणून ज्या भागात घर विकत घ्यायचं आहे, त्याच भागात आधी अकरा महिने भाड्याने राहणं हा सर्वात खात्रीचा मार्ग. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार सक्तीची आहे आणि आता ती ऑनलाइन होते. करार नोंदलेला असला की डिपॉझिट परत मिळवताना भाडेकरूच्या हातात कागद असतो. अकरा महिन्यांत जुलैमधला रस्ता दिसतो, मेमधलं पाणी दिसतं, सकाळची ८:०५ ची लोकल आणि तिच्यातली माणसं ओळखीची होतात. भाडं वाया गेलं असं ज्यांना वाटतं त्यांनी त्याची तुलना वीस वर्षांच्या हप्त्यांशी करावी.

आणि तेवढी सवड नसेल, येत्या महिन्यातच निर्णय करायचा असेल, तर निदान एवढं करावं. बिल्डरने रविवारी अकराची वेळ दिली की नम्रपणे नाही म्हणावं आणि सोमवारी सकाळी आठची मागावी. त्याची गाडी नाकारावी. स्टेशनवर उतरून दोघांनी चालत किंवा रांगेत उभं राहून शेअर रिक्षाने घरापर्यंत जावं, घड्याळ बघावं, वाटेत चहा घ्यावा, खालच्या किराणा दुकानदाराशी बोलावं. मग त्याच वाटेने परत येऊन गर्दीच्या वेळची गाडी पकडून आपापल्या कार्यालयात जावं. त्या दिवशी दोघांना थोडा उशीर होईल, कदाचित अर्ध्या दिवसाची रजा पडेल. घराचे कागद त्या रात्री, दोघांनी आपापली वेळ वहीत लिहून झाल्यावर उघडावेत.